डोक्यामागची पिन

बाहुबली मगदूमनं सहा वर्षांत एकतीस विमानं बांधली आणि एकातही माणूस बसवला नाही. किटच्या खोक्यात बोटाच्या पेराएवढा पायलट असायचाच, पण हा तो फ्रेमवरून कापायचासुद्धा नाही. उरलेल्या प्लॅस्टिकच्या काड्यांबरोबर तोही डब्यात जायचा. बत्तिसाव्या विमानात मात्र माणूस बसलाच पाहिजे अशी अट होती, आणि अट घालणारी बाई अशी होती की तिला नाही म्हणायची बाहुबलीची छाती नव्हती.

निपाणीत निवृत्त माणसानं काय करावं याचे रस्ते ठरलेले आहेत. एक तर शेताकडे बघावं, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहावं, तेही जमत नसेल तर बस्तीच्या म्हणजे जैन देवळाच्या कट्ट्यावर बसून दुसऱ्यांच्या पोरांची लग्नं जुळवावीत. हवाई दलात उभी उमेद घालवून आलेला हा गडी यातलं काहीच करत नाही आणि डोळ्याला भिंग लावून दिवसभर प्लॅस्टिक घासत बसतो, म्हणजे याचं कुठंतरी बिघडलंय, असं गल्लीनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. गल्ली अगदीच चुकीची नव्हती. फक्त काय बिघडलंय हे तिला ठाऊक नव्हतं.

पद्मावतीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, या नादाला एकच अट घातली होती. विमानं बांधा, पण त्याला बॉम्ब लावायचे नाहीत. मारायचं सामान आपल्या घरात नको. त्यामुळे मगदूमांच्या काचेच्या कपाटातली झाडून सगळी लढाऊ विमानं मोकळ्या पंखांनी उभी होती. पद्मावतीचा भाऊ चिकोडीहून आला की कपाटापुढं उभा राहून हमखास विचारायचा, “दाजी, ही सगळी वराडाला चाललीत व्हय?” बाहुबली हसायचा. त्या कपाटात बघून हसणं त्याला जमायचं, कारण एकाही विमानात कुणी बसलेलं नव्हतं.

बत्तिसावं विमान मागितलं ते कंग्राळीच्या मालुबाई कडोलकरांनी. त्यांचा थोरला मुलगा रविराज हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट होता. दहा वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या एका तळावरून त्यानं मिग-एकवीस वर घेतलं, दोन मिनिटांच्या आत इंजिनात घार गेली आणि विमान मोहरीच्या शेतात कोसळलं. अशा वेळी पायलटनं हँडल ओढायचं असतं. ओढलं की खुर्ची त्याच्यासकट बाहेर उडते आणि वर छत्री उघडते. रविराजची खुर्ची जागची हलली नाही. चौकशीच्या कागदात एक वाक्य आलं, की वैमानिकानं बाहेर पडण्याचा प्रयत्न केल्याचं आढळत नाही. कंग्राळीनं त्या वाक्याचा आपल्या परीनं अर्थ लावला: खाली वस्ती होती, ती वाचवायची म्हणून आमच्या पोरानं विमान सोडलं नाही. आता दहा वर्षं पुरी होताना गावच्या तरुण मंडळानं शाळेत काचेची पेटी करून तिच्यात त्याचं विमान ठेवायचं ठरवलं होतं. पेटीवरचा फलक वर मराठीत की वर कन्नडात यावर दोन बैठका झाल्या, तिसरीत चहा झाला आणि फलक दोन्हीकडून लावायचं ठरलं. विमान कोण करणार यावर बैठक लागली नाही. ते मालुबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं.

“बाहुबली करंल. माझ्या लेकाला शेवटचा हात त्येचाच लागलाय.”

ते खरं होतं. बाहुबली त्या तळावर खुर्चीचा माणूस होता. त्या खुर्चीखाली स्फोटाची दारू भरलेली असते. जमिनीवर असताना चुकून उडू नये म्हणून तिच्यात पाच पिना खुपसलेल्या असतात आणि प्रत्येक पिनेला लाल फीत. उड्डाणाआधी पायलटला पट्ट्यांनी बांधायचं, पाचही पिना उपसायच्या, त्याच्या डोळ्यांसमोर धरून मोठ्यानं मोजायच्या, त्यानंही मोजायच्या, त्यांच्या पिशवीत टाकायच्या, मग शिडी उतरायची. यातल्या चार पिना बसलेल्या माणसाला दिसतात. पाचवी डोक्यामागं असते. ती त्याला मान मोडली तरी दिसत नाही. त्या दिवशी ती डोक्यामागची पिन खुर्चीतच राहिली. ती राहिली असेल तर हँडल दहा माणसांनी ओढलं तरी खुर्ची उडत नाही. ती राहिली होती हे साऱ्या जगात एकट्या बाहुबलीला माहीत होतं, आणि गेली दहा वर्षं त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. पद्मावतीलाही नाही.

बाहुबली हाताचा कच्चा नव्हता, आळशी तर मुळीच नव्हता. झालं ते बोलण्यामुळं. त्या तळावर मराठी माणसं होती, नाही असं नाही. पण ती पुण्याची, नागपूरची. ‘लई’ आणि ‘गेलतो’ म्हणणारे दोघंच, एक कंग्राळीचा आणि एक निपाणीचा. रविराज ऑफिसर, बाहुबली सार्जंट. खाली जमिनीवर कडक सलाम आणि ‘सर’. शिडीवर चढून पट्टे आवळताना मात्र दोन-तीन मिनिटं वरचं काचेचं झाकण उघडं, आजूबाजूला ऐकायला कुणी नाही, आणि दोघांच्या तोंडाला गावाकडची बोली सुटायची. शेंगा निघाल्या का, उचगावच्या जत्रेला कोण आलतं, अण्णा तुमच्याकडं यंदा तंबाखूला काय उठाव हाय. महिनोन्‌महिने हिंदी-इंग्रजीत जबडा आवळून बसलेल्या माणसाला ती तीन मिनिटं पोटभर जेवल्यासारखी वाटायची. मोजणीचा नियम इंग्रजीत होता. वन, टू, थ्री. आपल्या बोलीत मध्येच ते वन-टू घुसवणं दोघांनाही परक्यासारखं वाटू लागलं. मग हळूहळू रविराज नुसतं विचारायचा, “झालं न्हवं, अण्णा?” आणि बाहुबली म्हणायचा, “झालं. जावा.” रोज सगळं झालेलंच असायचं. एके दिवशी रविराज घरचं काहीतरी सांगत होता, मान वळवून हसत होता, आणि झालेलं नव्हतं. बाहुबली ‘झालं’ म्हणाला.

त्यानंतरची काही मिनिटं बाहुबली स्वतःशीसुद्धा नीट आठवत नाही. तिथं त्याचं मन चालता चालता उडी मारतं आणि थेट धुरापाशी जाऊन उभं राहतं.

दर वर्षी रविराजच्या दिवशी तो कंग्राळीला जायचा. पहिल्या वर्षी माफी मागायला गेला होता. दारात मालुबाईंनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले, डोळ्यांना लावले आणि म्हणाल्या, “ह्याच हातांनी बांधलास न्हवं त्येला?” झालं, तोंडातले शब्द तोंडात राहिले. जेवून परत आला. दुसऱ्या वर्षी मालुबाई म्हणाल्या, आता तूच माझा थोरला, मला आई म्हण. ते काही त्याच्याच्यानं झालं नाही. तो मावशी म्हणत राहिला. त्यांच्या घरी कांदा-लसणीचं रांधायचे, पण हा जैन माणूस येणार म्हटलं की मालुबाई आदल्या दिवशी चूल सारवून, भांडी घासून ठेवायच्या आणि त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत याच्यासाठी वेगळं रांधायच्या. दहा वर्षं. दर वर्षी सांगायचं ठरवून जायचा आणि दर वर्षी पुरणपोळी खाऊन यायचा. या गोष्टीत काही विनोद असलाच तर तो एवढाच, आणि तो बाहुबलीला चांगला कळत होता.

विमानाचं काम त्यानं पावसाळा संपता संपता काढलं. किट परदेशी होतं, अट्ठेचाळीसपट लहान. तुकडे कापले, घासले, अंगाचे दोन अर्धे जोडायच्या आधी नाकात शिशाचे छर्रे भरले, नाहीतर विमान मागच्या बाजूला बसतं. सांध्यांत पुट्टी भरली, पुन्हा घासलं. इथवर हात सरावानं चालत होते. खुर्ची आली आणि ते अडले. नखाएवढी खुर्ची त्यानं चार वेळा रंगवली आणि चार वेळा खरवडली. खोक्यातली खुर्ची ओबडधोबड होती, खऱ्या खुर्चीतलं निम्मंही तिच्यात नव्हतं. दुसऱ्या कुणी ती तशीच चिकटवली असती. यानं चिकटपट्टीचे बारीक काप काढून पट्टे केले, बकलं केली, हँडल केलं. मग पायलट कापला. हेल्मेटची काळी काच खाली ओढलेली रंगवली, म्हणजे तोंड रंगवायला नको. त्याला खुर्चीत बसवला आणि आवळला.

आणि मग त्यानं ते केलं. वायरीतून तांब्याचा एक धागा काढला, केसाएवढा, त्याचा अर्ध्या मिलिमीटरचा तुकडा तोडला, त्याला सिगारेटच्या कागदाची लाल फीत लावली आणि चिमट्यानं खुर्चीच्या डोक्यामागं रोवला. उडत्या विमानात, आत माणूस बसलेला असताना, ती पिन तिथं असणं म्हणजे खून. हे खुर्चीवर काम केलेल्या कुणालाही दिसलं असतं. कंग्राळीच्या शाळेत असं कुणी येणार नव्हतं. वर काच चिकटवली की संपलं. बाहुबलीनं आपली कबुली लिहिली ती अशी, की भिंग लावूनही ती कुणाला वाचता येऊ नये. भित्र्या माणसाची कबुली अशीच असते. पण त्या दिवशी त्याला दहा वर्षांत पहिल्यांदा शांत झोप लागली, हेही खरं.

पुढं सगळं नीट झालं. राखाडी रंग दोन हातांनी चढला, पंखांवरचे तिरंगी गोल पाण्यात भिजवून चिकटवले, शेपटीवरचा नंबर त्याला कुठं बघावा लागला नाही. नुसती काच चिकटवायची राहिली होती, कारण मालुबाईंचा निरोप होता: झाकायच्या आधी मला येऊ दे, मला त्याला बसलेला बघायचाय.

गुरुवारी दुपारच्या गाडीनं त्या आल्या. सत्तरीच्या, हाडं मोजून घ्यावीत अशा, पण काठी न घेता चालणाऱ्या. बरोबर धाकटी रूपाली, हायस्कुलात शिक्षिका. पद्मावतीनं पाणी दिलं, पोहे केले, चहा ठेवला. मालुबाईंनी कशाला हात लावला नाही.

“आधी त्येला दाव.”

टेबलावर विमान स्टँडवर चढवलेलं होतं, नाक वर, आत्ताच जमिनीवरून सुटल्यासारखं. मालुबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. बाहुबलीनं त्यांच्या हातात भिंग दिलं. बराच वेळ त्या बघत राहिल्या. रूपालीनं मोबाइलवर चार फोटो काढले आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकले.

“लई आवळून बांधलायस,” मालुबाई म्हणाल्या.

“तसंच बांधतात, मावशी.”

“आन वडायचं ते कुठं असतंय?”

बाहुबलीनं चिमट्याच्या टोकानं दोन पायांमधलं हँडल दाखवलं. मालुबाईंनी भिंग आणखी जवळ नेलं.

“हाताला लागतंय की,” त्या म्हणाल्या. “हात कुठं लांब करायलाबी नगं.”

“आई,” रूपाली म्हणाली, “परत तेच काढू नगंस.”

“गप गं. ह्येला तरी सांगू दे.” मालुबाईंनी भिंग खाली ठेवलं. “गाव म्हंतंय, वस्ती वाचवली. म्हनू दे. बोर्डावर लिवत्यात, लिवू दे. खरं काय ते मला ठावं हाय. त्येला एक पोरगी करायची हुती. बागलकोटकडची, डॉक्टर. आमच्यातली न्हवं. मी फोनवर म्हटलं, ती घरात यायची आसंल तर तू परत येऊ नगंस. आसंच म्हटलं. परत येऊ नगंस. चवथ्या दिवशी ह्ये झालं.” त्यांचा आवाज कुठं हलला नाही, इतक्या वेळा मनात म्हटलेलं वाक्य हलत नाही. “हँडेल हाताला लागत हुतं आन माझ्या लेकानं वडलं न्हाय. कागदात लिवलंय तसं. आईचं ऐकलं त्येनं.”

बाहुबलीला हे ठाऊक नव्हतं. त्याला वाटत होतं आपण फक्त आपलं पाप दडवून बसलोय. दहा वर्षं ही बाई ते आपल्या डोक्यावर घेऊन बसली आहे, याचा त्याला पत्ताच नव्हता. पोरगा हिच्या शब्दानं मेला असं हिला वाटत होतं, आणि दर वर्षी हा हिच्यासमोर बसून जेवून जात होता. त्याला स्वतःची किळस आली. इतकी, की तोंड आपोआप उघडलं.

“मावशी, त्येनं वडलं हुतं.”

“तुला काय ठावं?”

“वडलंच आसणार. खुर्ची उडालीच न्हाय. उडणारच न्हवती. तिच्यात पिन ऱ्हायलती. मी ठेवलती.”

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. पाच पिना, लाल फिती, मोजायचा नियम. भिंग पुन्हा त्यांच्या हातात देऊन डोक्यामागचा तो लाल ठिपका दाखवला. विमान वर गेल्यावर पिनांची पिशवी उघडली तर चारच निघाल्या, हे सांगितलं. संध्याकाळी चौकशीवाले पिशवी बघायला येणार म्हणून स्टोअरमधून एक जादा पिन आणून पिशवीत टाकली, हेही सांगितलं. सांगताना त्यानं टेबलाची कड धरली होती. आता त्या काय करतील ते करोत. हाताला येईल ते फेकून मारलं असतं तरी त्याला बरं वाटलं असतं.

मालुबाईंनी रूपालीकडं बघितलं.

रूपाली त्याच्याकडं बघत होती, रागानं नाही. वर्गातल्या एखाद्या गरीब मुलानं दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेतली की शिक्षिका बघते तसं. “अण्णा,” ती म्हणाली, “तो कागद माझ्याकडं हाय. मी धा वेळा वाचलाय. पाच पिना होत्या, पाचीच्या पाच मोजून मिळाल्या, असं त्यात लिवलंय.”

“पाचवी मीच टाकलीय, सांगितलं की.”

“आईला बरं वाटावं म्हणून तुमी बोलाय लागलाय. मला कळतंय. पण असलं काय बोलू नगासा. कुणी ऐकलं तर तुमच्याच गळ्याशी येईल.”

“रूपाली, शपथ घेतो मी.”

“तुमच्यात शपथ घेत न्हाईत,” मालुबाई म्हणाल्या. त्यांनी हात पुढं करून त्याच्या गालावरून फिरवला. “आरं, तू जेवलायस माझ्या घरात. धा वरसं. आसं काय आसतं तर तुझ्या घशाखाली घास उतारला आसता व्हय?”

घास उतरले होते. दर वर्षी उतरले होते, आणि एकदा तर त्यानं मागून घेतलं होतं.

त्याचं खोटं सरकारी कागदात शिक्क्यासह जाऊन बसलं होतं, आणि खरं मात्र त्याच्याजवळ तोंडी होतं. या बाईला पटेल असं काय उरलंय, हे तो शोधत राहिला; आणि सापडलं ते त्यानं, विचार न करता, पुढं केलं.

“मावशी, त्येला मरायचं न्हवतं. मी सांगतो की. शिडीवर माझ्याशी काय बोलत हुता ठावं हाय? तुमचंच. म्हणाला, अण्णा, आई लई तापलीया, बोलंना झालीया. शनवारी रजा हाय, सरळ जातो आन पायावर डोस्कं ठेवतो. मी म्हटलं, स्टँडवर उतरलासा की पैला आईला गोड कुंदा घ्या, मग घराकडं जावा. तर हसला. त्या बोलण्याच्या नादातच माझी पिन ऱ्हायली. ज्येला मरायचं हाय त्यो आसं बोलंल का?”

मालुबाई एकदम ताठ झाल्या. दहा वर्षांत कुणी त्यांना रविराजचे शेवटचे शब्द सांगितले नव्हते. बाहुबलीला वाटलं, पटलं. एवढ्यानं पटलं.

“म्हंजे,” मालुबाई सावकाश म्हणाल्या, “जाताना त्येच्या मनात माझंच बोलणं हुतं.”

“व्हय, पण तसं न्हवं—”

“शेवटापतोर हुतं.”

“मावशी, हसत हुता त्यो.”

“तुझ्यासमोर हसला आसंल. साहेब माणूस, रडतोय व्हय शिडीवर?” त्यांनी पदर तोंडाला लावला, पण रडल्या नाहीत. मान हलवत राहिल्या, जणू दहा वर्षं अडलेला हिशेब एका झटक्यात सुटला होता. “मला वाटायचं, इसरला आसंल गा. कामाच्या गडबडीत इसरला आसंल, आपलं आपुनच जिवाला लावून घेतोय. न्हाय. इसरला न्हवता. बरं झालं तू सांगितलंस.”

बाहुबली पुन्हा पिनेकडे वळला. एकदा, दोनदा. बोट दाखवलं, खुणेनं दाखवलं, शेवटी चिमट्यानं ती उपसून त्यांच्या तळहातावर ठेवली. तळहाताच्या रेघेत ती दिसेनाशी झाली. मालुबाईंनी हात झटकला नाही की मिटला नाही. त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. रूपालीनं त्याला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, “अण्णा, बास करा आता. तिला सोसणार न्हाय.”

“झाक ते,” मालुबाई म्हणाल्या. “आमची गाडी जाईल.”

काचेला साधं चिकटवायचं चालत नाही, काच पांढरी पडते. तिला वेगळा डिंक लागतो आणि तो काडीनं कडेकडेनं लावावा लागतो. बाहुबलीनं तो लावला. माणसाच्या डोक्यावर काच ठेवली, दोन बोटांनी दाबून धरली आणि डिंक धरेपर्यंत तसाच उभा राहिला. मग चपलांच्या खोक्यात कापूस घालून विमान ठेवलं. मालुबाईंनी खोकं मांडीवर घेतलं. दारात त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, “आयतवारी ये. पैला हार तूच घालायचास. आन माझ्यापायी असलं खोटं पुन्हा बोलू नगंस, लेकरा. तुला पाप लागंल.”

रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत बाहुबली दारात उभा होता. मग आत आला. पद्मावती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात होती. ती किती वेळ तिथं होती हे विचारायची गरज नव्हती. हातातल्या कपातला चहा साय धरून गार झाला होता.

त्या दोघींनी विश्वास ठेवला नव्हता. पद्मावतीनं ठेवला होता. हे तिच्या तोंडाकडं बघताच त्याला कळलं. एकतीस वर्षं ज्या बाईनं आपलं बोलणं ऐकलंय, तिला त्यातलं खरं कुठं थांबतं हे बरोबर ऐकू येतं.

“तुमी पिशवी उघडलासा तवा विमान वर गेलतं म्हणालासा,” ती म्हणाली.

“व्हय.”

“खरंच गेलतं?”

बाहुबली टेबलाजवळ जाऊन बसला. कापसाचे दोन-तीन धागे पडले होते, ते त्यानं गोळा केले. मालुबाईंना सांगताना ते वाक्य इतकं सहज आलं होतं, की क्षणभर त्यालाही ते खरं वाटलं होतं.

“न्हाय,” तो म्हणाला. “खालीच हुतं. रनवेच्या टोकाला. दुसरं एक उतरत हुतं, त्यापायी ह्येला थांबवलं हुतं.”

“किती वेळ?”

“चार मिंटं. पाच असतील.”

“आन तुमच्याजवळ सांगायला काय न्हवतं?”

“वॉकीटॉकी हुता. कमरंला.”

पद्मावतीनं हातातला कप टेबलावर ठेवला. ती वाट बघत होती.

“बटण दाबलं आसतं तर माघारी आणलं आसतं त्येला,” बाहुबली म्हणाला. “पण माझ्या नावावर चूक लागली आसती. आठ दिवसांवर परमोशन हुतं. म्हटलं, चाळीस मिंटात येतोय की माघारी. रोज येतोयच. आला की गपकन काढून घेतो, कुणाला काय कळतंय.” त्यानं बोटांतले कापसाचे धागे वळले. “त्येनं जाताना हात केलता मला. मीबी केला.”

पद्मावतीनं कप उचलले आणि आत गेली. भांडी विसळल्याचा आवाज आला, मग ताट मांडल्याचा. एकच ताट होतं, तिचं. उन्हं परड्यातल्या भिंतीवरून वर सरकत गेली, कौलांवर गेली आणि तिथूनही गेली. तिनं त्याला हाक मारली नाही, आणि दिवस बुडाल्यावर मगदूमांच्या घरात कुणी जेवत नाही.